आधी शाफ्टची रेघ

पवनी, जि. भंडारा

प्रिय विलास,
स. न. वि. वि.

धान मळून झालं की रत्नागिरीला जाऊन बोटीचं इंजिन बदलणार, हे वाचून बरं वाटलं. पण यातलं बरंच काम गावातूनच करून नेता येतं, म्हणून लिहितो.

इंजिन कुठं बसेल हे शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, ठरवतो. कंपनीच्या ड्रॉइंगवरून चारही पायांची आणि गिअरबॉक्सच्या कपलिंगच्या (शाफ्ट जोडायच्या चकतीच्या) मध्याची मापं घे आणि आपल्या वेल्डरकडून अँगलचा सांगाडा करून घे. तिकडे शाफ्ट काढून स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या नळीच्या) बरोबर मधून तार ताण आणि सांगाड्यातलं कपलिंगचं छिद्र तारेवर आण. पाय बेडच्या (इंजिन बसतं त्या लाकडी आधाराच्या) किती वर राहतात की आत घुसतात, हे तेव्हाच कळतं. सव्वाशे-दीडशे किलोचं इंजिन चेनपुलीला टांगून बेड कापत बसण्याची पाळी येऊ नये.

बेड ठोकून पाहा. जुन्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आतल्या लाकडात मुरतं. बद्द आवाज आला तर तेवढा भाग कापून नवा भर.

गिअरचं रेशो बदललं तर पंखाही तपास. फिरण्याची दिशा उलटी असेल तर तो बदलावाच लागतो. पूर्ण थ्रॉटलला ठरलेले आरपीएम येत नसतील आणि काळा धूर निघत असेल, तर बहुतेक पंख्याचा पिच (एका फेरीत तो जितकं पुढं जाईल ते अंतर) जास्त आहे. एक इंच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात.

सायलेन्सरचं मात्र नीट ध्यानात ठेव गा, कारण विहिरीवरच्या इंजिनाला हा धोका नसतो. इथं थंडाव्याचं समुद्राचं पाणी धुरासोबतच बाहेर जातं. इंजिन सुरू न होता नुसतं सेल्फ मारत राहिलास, तर पाणी ढकलायला धूर नसतो. ते साचून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. दोन-तीनदा सुरू झालं नाही की पाण्याचा कॉक बंद कर, सुरू होताच लगेच उघड. धुरात पाणी मिसळतं ती जागा पाण्याच्या पातळीपासून 15 सेंटिमीटरहून कमी उंच असेल, तर सायफन तोडणारा व्हॉल्व्ह (बंद इंजिनात पाणी आपोआप ओढलं जाणं थांबवणारा) हवाच.

शेवटचं अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) बोट पाण्यात एक-दोन दिवस तरंगल्यावर, डोलकाठीच्या तारा ताणलेल्या असताना कर. जमिनीवर आणि पाण्यात बोटीचा आकार सारखा राहत नाही. सुटा शाफ्ट वजनानं झुकतो, तो उचलून मध्यावर धर. मग कपलिंगच्या दोन्ही चकत्यांमधली फट फिलर गेजनं (मापाच्या पातळ पत्र्यांनी) वर, खाली, दोन्ही बाजूंना मोज. 100 मिलिमीटरच्या कपलिंगला फरक 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. रबरी कपलिंग लावलं तरी यातून सूट मिळत नाही. इंजिनाच्या पायाखालचे नवे रबरी माउंट दबतात, म्हणून पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी पुन्हा मोज.

फिलर गेज नागपूरहूनच घेऊन जा. ड्रॉइंग आलं की कपलिंगचा व्यास कळव, सांगाड्याची मापं मी काढून पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रभाकर