अल्बममधला डोंगर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातले जुने अल्बम बाहेर निघाले की पानापानांचे मोबाइलवर फोटो काढले जातात आणि मूळ प्रती रद्दीत जातात. हिमशिखरांच्या प्रवासातल्या फोटोंची तरी अशी वाट लावू नका, ही कळकळीची विनंती. आजी-आजोबांच्या पाठीमागे दिसणारी हिमनदी हीसुद्धा एक नोंद आहे. ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडील रोंगबुक हिमनदी टिपली. अमेरिकी गिर्यारोहक आणि छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशियर्स यांनी २००७ मध्ये त्याच जागेवरून पुन्हा फोटो घेतला. दोन्ही शेजारी ठेवले की बर्फ किती खचला हे सांगावे लागत नाही. अलास्कातल्या म्यूर हिमनदीच्या १९४१ आणि २००४ च्या फोटोंत तर जिथे बर्फ होता तिथे पाणी आणि हिरवळ दिसते. मात्र जागा आणि महिना ठाऊक नसेल, तर अशी तुलना होऊच शकत नाही.

आधी फोटो सोडवण्याचे. चिकट पानांच्या अल्बममधून तो ओढला की वाकतो, कधी कागदाचा पापुद्राच निघतो. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) एका कोपऱ्यातून फोटोच्या मागे सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्यावा. हेअर ड्रायरची गरम हवा देऊ नये. फोटो सुटतच नसेल, तर पानासकट स्कॅन करावा.

निगेटिव्ह किंवा स्लाइड सापडली, तर छापील प्रतीआधी ती स्कॅन करा, कारण दूरच्या कड्यांचा तपशील तिच्यात कितीतरी जास्त असतो. छापील फोटोला ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) पुरते. ४ × ६ इंचांच्या फोटोतून २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. ३५ मिमीच्या फिल्मला मात्र ३००० ते ४००० लागतात. मूळ फाइल १६ बिटची टिफ (सगळा तपशील राखणारा फाइल-प्रकार) ठेवा, वाटायला आकाराने लहान जेपेग वेगळी काढा. स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई (अदृश्य किरणांनी धूळ ओळखून ती चित्रातून पुसण्याची सोय) कृष्णधवल फिल्मला बंदच ठेवा. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड किरण अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजते आणि डोंगरांच्या कडा फासटून टाकते. निगेटिव्ह उलट्या बाजूने ठेवली तर डोंगर आरशातल्यासारखा उमटतो आणि ते शिखर नकाशात काही केल्या सापडत नाही.

जुन्या रंगीत प्रतींतला निळसर-हिरवा रंग बहुधा आधी उडतो, म्हणून आकाश आणि बर्फ तांबूस दिसू लागतात. हा दोष दुरुस्त करायला हरकत नाही, पण तो प्रतीवर करा. फोटो ‘नवा’ करून देणाऱ्या ॲपचे माझ्या मते नावच काढू नये. तिथे खडकाच्या भेगा आणि बर्फाचे थर ॲप स्वतःच्या मनाने रंगवते, आणि पुढे पाहणाऱ्याला ते खरेच वाटतात.

जागा कशी ओळखायची? शिखरांची क्षितिजरेषा त्रिमितीय नकाशाशी जुळवा. मग जवळचा सुळका मागच्या कड्याच्या नेमक्या कुठल्या खाचेत दिसतो ते पाहा. पन्नास पावले सरकलात तरी ती जुळणी बदलते, म्हणून उभे राहण्याची जागा बरीच नेमकी ठरवता येते. सावल्यांवरून वेळेचा अंदाज येतो. महिना मात्र नीट विचारून घ्या. मे महिन्यातला ताजा बर्फ आणि सप्टेंबरअखेरीस उरलेला बर्फ यांची तुलना करून हिमनदी आटली म्हणणे चूक ठरेल. कॅमेऱ्याने कोपऱ्यात छापलेली तारीखही घड्याळ लावलेलेच नसल्याने अनेकदा खोटी असते.

माहिती फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. पुढच्या बाजूला वळ उमटतात. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर ती उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा आणि फोटो नंतर आत घाला. ज्यांना ती जागा आठवते अशी घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून हे काम उरका. स्कॅनिंग पुढच्या वर्षीही होईल.

आपल्यालाही एक सूचना. वाचकांचे जुने प्रवासफोटो छापताना खालच्या ओळीत वर्ष, महिना आणि फोटो कुठून काढला ती जागा आवर्जून द्यावी.

– एक वाचक