वकीलसाहेबांस, कृतज्ञतापूर्वक

आदरणीय वकीलसाहेब यांस सादर प्रणाम.

आपण वकिली थांबवली असून प्रत्येक पक्षकाराची कागदपत्रे ज्याच्या त्याच्या घरी पोहोचती करत आहात, हे आमचा बस्ता हाती आला तेव्हा समजले. तालुक्याच्या न्यायालयात आणि तहसील कचेरीत आपण जवळजवळ पन्नास वर्षे जे काम केले, ते निकालपत्रांत पूर्णपणे उतरलेले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आमची भातशेती आजोबा कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने, कसत होते. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कूळ कायद्याने कसणाऱ्या कुळाला मालक मानले खरे, पण सातबाऱ्याच्या कूळ सदरी नावच नसेल तर तो हक्क बजावायचा कसा, या प्रश्नाने आजोबांमागे आजीला वर्षानुवर्षे ग्रासले होते. ती आपल्याकडे आली तेव्हा आपण तिला कलमे ऐकवली नाहीत. खंडाच्या, म्हणजे जमीनमालकाला दिलेल्या मोबदल्याच्या, पावत्या कुठे आहेत, एवढेच विचारलेत. पत्र्याच्या डब्यातल्या त्या पावत्या एकमेकींना चिकटल्या होत्या, काहींवर रोख रक्कम होती, काहींवर भाताचे मण, आणि शाई पुसट झालेली. आपण त्या एकेक सोडवून सालवार लावल्यात आणि जुन्या पीकपाहणीच्या उताऱ्यांशी ताडून पाहिल्यात. आमची सारी बाजू त्या जुळणीवर उभी राहिली, असे मी आज तो बस्ता वाचून म्हणू शकते.

कूळ ठरवून मिळण्याचा अर्ज तहसीलदारांकडे फेटाळला गेला, प्रांताधिकाऱ्यांकडे अपील मंजूर झाले आणि महसूल न्यायाधिकरणाने ते कायम ठेवले. पुढे कूळ कायद्याच्या कलम 32-ग प्रमाणे जमिनीची किंमत ठरली, हप्ते फिटले आणि 32-म चे खरेदीचे प्रमाणपत्र हाती पडले. या सगळ्या काळात निरक्षर आजीचा अंगठा घेण्यापूर्वी आपण प्रत्येक कागद तिला वाचून दाखवत होता आणि त्यात काय लिहिले आहे ते तिच्याकडून परत वदवून घेत होता. त्यामुळे मूळ निकाल कोणाविरुद्ध गेला आणि का गेला, हे ती आम्हां नातवंडांना अचूक सांगे. फी आपण घेतलीत, पण पावती दिल्याशिवाय कधीही नाही. त्या पावत्याही बस्त्यात जपलेल्या आहेत. असा हिशेब ठेवणारा माणूस गरिबाला किती धीर देतो, हे मला विशेष सांगावेसे वाटते.

नंतर बांधावरून चुलत्यांशी वाद झाला, तेव्हा दावा लढवण्याऐवजी आपण दोन्ही घरांना लोकअदालतीत बसवलेत. तेथील निवाड्यावर अपील नसते, हे आधी स्पष्ट सांगून, विचार करायला वेळ देऊन, मगच सह्या घेतल्यात. दोन्ही घरे आजही एकमेकांच्या लावणीला जातात.

बस्त्यात आपल्या हस्ताक्षरातली एक यादी आहे: कोणता कागद मूळ, कोणता नक्कल, कोणता कधीही कोणाच्या हाती देऊ नये. तिच्या शेवटी आपण लिहिले आहे की, प्रमाणपत्राला 10 वर्षे झालेल्या जमिनीसाठी आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा सरकारकडे भरल्यास जमीन विकण्यासाठी कलम 43 ची पूर्वपरवानगीची अट राहत नाही. वकिली थांबवतानाही आपण आमचे उरलेले काम लक्षात ठेवलेत, याबद्दल आईच्या आणि माझ्या वतीने मनापासून आभार. नजराण्याचा अर्ज आम्ही दिला आहे. चलन भरले की त्याची प्रत आपल्या यादीला जोडून दाखवायला येऊ.

आपली नम्र,
एका कुळाची नात