लोहाराचा दाखला इथे लागू पडत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बंदूक कंपन्यांवरच्या दाव्यांबद्दल कालच्या अग्रलेखात आपण लिहिलंत, ‘सुरीने खून झाला म्हणून कुणी लोहाराला कोर्टात खेचत नाही.’ हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मी वणीला 31 वर्षं कृषी केंद्र चालवलं. फवारणीची औषधं विकली. घेणाऱ्याचा चेहरा विकणाऱ्याला दिसत असतो, एवढं तरी मला कळतं.

एका पावसाळ्यात शटर ओढायच्या वेळी पंचविशीतला एक पोरगा आला. ‘सगळ्यात जहाल कोणतं?’ म्हणाला. शेतकरी असं विचारत नाही हो. तो किडलेलं पान खिशातून काढून काउंटरवर ठेवतो, कोणती अळी आहे ते विचारतो. याला अळी सांगता येईना, एकर सांगता येईना. हातातल्या नोटा घामाने ओल्या झालेल्या. मी डबा परत फळीवर ठेवला, त्याला आत बसवलं, चहा मागवला आणि त्याच्या मामाला फोन केला. तो पोरगा आज कापूस पिकवतो. मी डोळे झाकून डबा दिला असता आणि त्याच्या आईने माझ्यावर दावा लावला असता, तर निदान तिचं म्हणणं कोर्टाने ऐकलं असतं.

आता अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या ओडेसा गावचं बघा. 2012 साली एका आईने बंदुकीच्या दुकानात फोन केला. मुलीला मानसिक आजार आहे, तिला पिस्तूल देऊ नका, मी तुमच्या पाया पडते, अशी विनवणी केली. मुलीचं नाव आणि जन्मतारीखसुद्धा सांगितली. दोनच दिवसांनी त्याच दुकानाने त्याच मुलीला पिस्तूल विकलं आणि तिने त्याच दिवशी बापाला गोळी घातली. आईला 2016 मध्ये भरपाई मिळाली, तीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडल्यावर, कायद्यातल्या एका अपवादाच्या आधाराने. ही बाई आपल्या अग्रलेखात कुठेच नाही. लोहाराला असा फोन येतो का?

2005 च्या केंद्रीय कायद्याने तिथल्या बंदूकवाल्यांना दाव्यांपासून असं कवच दिलंय, जे बहुतेक इतर धंद्यांना नाही. ओडेसाच्या आईला मिळालेला अपवाद याच कायद्यातला. बंदूक कंपन्यांवरचा मेक्सिको देशाचा दावा 2025 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी फेटाळला, त्याचा आपण दाखला देता; पण तो निकाल याच कायद्याच्या चौकटीतला आहे. कंपन्या निर्दोष आहेत असं त्यातून ठरत नाही. कोलोराडोतल्या ऑरोरा गोळीबारात मुलगी गमावलेल्या आईबापांनी काडतुसं विकणाऱ्यावर दावा केला. तो फेटाळला गेला आणि समोरच्यांच्या वकिलांचा दोन लाख डॉलरहून जास्त खर्च त्यांच्याच माथी आला. कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत 20 लेकरं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. तिथल्या नऊ कुटुंबांना रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या विमा कंपन्यांकडून 2022 मध्ये 7 कोटी 30 लाख डॉलर मिळाले, ते बंदुकीच्या जाहिरातीवर बोट ठेवून वाट काढली म्हणून. दावा लावल्यापासून सात वर्षं गेली त्यात.

बोगस बियाण्यांवरचं माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून छापलंत आणि दुकानदारांच्या चुकीबद्दल मी लिहिलेलं नेमकं तेवढंच गाळलंत. या वेळी जागा कमी पडली तर माझ्या दुकानाची हकिगत खुशाल काढा. ओडेसाच्या त्या आईचा मजकूर मात्र पूर्ण छापा.

आपला,
एक निवृत्त कृषी केंद्रचालक, वणी (जि. यवतमाळ)