गाडीवर बोजा चढतोच, मग सातबारा कशाला?

संपादक साहेब,

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग पुण्याला जातंय, मार्केट यार्डातला गूळ गुजरातला जातोय, म्हणजे भाडं हाय, पण स्वतःची गाडी घ्यायला बँकेत गेलं की पहिला प्रश्न जामीनदार कोण आणि सातबारा कुणाच्या नावावर. छोट्या धंद्याला कर्ज द्यायची सरकारची मुद्रा योजना २०१५ पासून आहे, १० लाखापर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे, छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) तर त्यात आरामात बसतो, आणि गाडीच्या आरसी बुकावर बँकेचं नाव, म्हणजे कर्जाचा बोजा, चढतोच की, मग अजून काय पायजे? शेवटी पोरं फायनान्सवाल्याकडं जातात, तिथं लोन पटकन होतं पण व्याज लई.

दुसरं हप्त्याचं. उसाचं काम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत, पावसाळ्यात गाडी दारात उभी, पण इन्शुरन्स, टॅक्स, टायर (टायरचं तर नावच काढू नका) आणि हप्ता काय थांबत नाही. सीझनला मोठा आणि पावसाळ्यात छोटा हप्ता का नाही लावत, ट्रॅक्टरला सहामाही हप्ते असतातच की. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या लीड बँकेनं मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा.

एक ट्रक ड्रायव्हर, कोल्हापूर