सूचना : रायफलच्या नळीच्या तोंडावरील जोडभाग बदलण्याबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मझल ब्रेक (गोळी झाडतानाचा धक्का कमी करणारा जोडभाग) किंवा फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाळा कमी करणारा जोडभाग) बदलावयाचा असल्यास ते काम परवानाधारक गनस्मिथकडूनच (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच) करून घ्यावे, आणि नवा भाग विकत घेण्यापूर्वी तो आपल्या परवान्याच्या अटींत बसतो किंवा नाही याची संबंधित कार्यालयाकडे खात्री करावी.

कारागीर निवडताना त्याच्या दुकानाच्या थाटापेक्षा तो काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. ५.५६ मिमीच्या बऱ्याच नळ्यांवर जोडभाग बसवण्यासाठी अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ आटे असतात, तर ७.६२ मिमीच्या अनेक नळ्यांवर ५/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ आटे आढळतात. काही रायफलींचे आटे डावे असतात, त्यामुळे आटे न मोजता "बसेल हो" म्हणणाऱ्याकडे रायफल सोपवू नये. पाना फिरवताना रिसीव्हरवर (नळी ज्यात बसते त्या रायफलच्या मुख्य सांगाड्यावर) ताण येऊ नये म्हणून नळीच व्हाइसमध्ये (शिकंजात) धरणारा, दबणारा वॉशर दर वेळी नवा वापरणारा आणि शेवटी नळीत सरळ सळई घालून जोडभागाचे छिद्र नळीशी एका रेषेत आहे का हे दाखवणारा कारागीर विश्वासास पात्र समजावा. छिद्र किंचित जरी तिरके राहिले तरी गोळी आतल्या कडेला घासू शकते. जुना भाग पिन मारून वेल्ड केलेला असल्यास तो घरी उपटण्याचा खटाटोप कोणीही करू नये.

रायफल रिकामी करून, गोळ्या सोबत न नेता सोपवावी व पावती घ्यावी. काम झाल्यावर निशाणा पुन्हा जुळवावा. मझल ब्रेकमुळे शेजारच्या नेमबाजांच्या कानांवर आवाज जास्त आदळतो, हे लक्षात घेऊन त्यांना आधी कल्पना द्यावी.