गोट्या मुद्दाम करत नाही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार वैतागली होतीस, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. आता सविस्तर लिहितो. चिंगी कुत्रीला घरी आणल्यापासून गोट्या बोका तुझ्या गादीवर लघवी करतो आणि तुझं म्हणणं, "बाबा, तो मुद्दाम करतो. मी चिंगीला जवळ घेते त्याचा राग काढतो." सोनू, मांजर असा राग काढत नाही. एक तर त्याला काही दुखतंय, नाही तर कशाची तरी भीती वाटतेय. यातलं दुखणं आधी बघायचं, कारण त्यात वेळ दवडून चालत नाही.

बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बोळा तिथे अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं, ते हृदयावर जातं आणि दोन-तीन दिवसांत, कधी त्याच्याही आत, जनावर दगावतं. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशीच जास्त, पण असे बोकेही यायचे. मालक सांगायचे, "पोट साफ होत नाहीये, एरंडेल पाजलंय." कारण ते सारखं बसून कुंथताना दिसतं. पोटाला हात लावला की खाली टणक, ताणलेलं मूत्राशय लागायचं आणि बोका कळवळून ओरडायचा.

म्हणून आज घरी गेलीस की आधी त्याच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू बघ. गुठळ्या किती आणि केवढ्या? सारखा जाऊन बसतोय आणि थेंबभरच होतेय, ओरडतोय, खालची जागा चाटत राहतोय, उलटी केली, असं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस. रात्री उघडा असलेला दवाखाना शोध आणि रिक्षा कर. लघवी नेहमीएवढी होत असली तरी एकदा तपासून घे. नुसत्या ताणानेही मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, आणि गोट्याला ताण आहे हे तू पाठवलेल्या व्हिडिओत दिसतंय.

तू चिंगीला खेळताना दाखवलंस, पण मागे खुर्चीवर गोट्या आहे तो बघ. कान दोन्ही बाजूंना पाडलेत, अंग चोरून बसलाय, शेपूट पोटाशी घेतलीय आणि भर उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात. त्याचा ट्रे पॅसेजच्या टोकाला, आणि चिंगी बरोबर पॅसेजच्या तोंडाशी आडवी पसरलेली! तिला ओलांडून जायचा त्याला धीर होत नाही. तुझी गादी उंचावर आहे, तिथून दार दिसतं आणि तिला तुझा वास आहे. त्याने तीच निवडली यात मला काही नवल वाटत नाही.

आता एक दुसरा ट्रे तुझ्या खोलीत, चिंगीला जाता येणार नाही अशा जागी ठेव. जेवणाच्या भांड्याजवळ नको, वॉशिंग मशीनजवळ तर नकोच. घाण रोजच्या रोज काढ. कपाटावरची जुनी खोकी काढून टाक आणि ती जागा त्याला दे. वरून खालचं सगळं दिसलं की मांजर निवांत होतं. आणि फरशीला फिनेल लावायचं बंद कर. मांजर पाय चाटतं, आणि फिनेलमधलं फिनॉल त्याच्या यकृताला झेपत नाही. गादीसाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आण. रागावू तर मुळीच नकोस. त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी २०२० साली हे करून पाहिलं होतं. माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरं उलट तसेच मिचकावतात आणि परक्या माणसाच्याही जवळ यायला धजावतात.

आता चिंगीचं. चप्पल फाडली की ती कान पाडून नजर चुकवते, म्हणजे तिला चूक कळते, असं तू म्हणतेस. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला असो वा नसो, मालक रागावला की चेहरा तसाच व्हायचा. ती तुझ्या आवाजाला घाबरते, चपलेशी त्याचा संबंध नाही. तू तासाभराने घरी येऊन ओरडलीस तर ती एवढंच शिकते की तू दारातून आलीस की ओरडतेस. चप्पल कपाटात ठेव आणि चघळायला तिचं स्वतःचं काहीतरी दे.

आणि ती गुरगुरली तर गप्प बसवू नकोस. हे मी अगदी कळकळीने सांगतो. गुरगुरणं म्हणजे ती आधी सांगतेय, "इथेच थांब." ते मारून बंद केलं की पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं. त्याच्याही आधी ती बोलत असते. झोप नसताना जांभई देते, ओठ चाटते, तोंड फिरवते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. सोसायटीतली मुलं गळ्यात पडली आणि ती असं करायला लागली की मुलांना बाजूला घे. शेपूट हलतेय म्हणून खूश आहे असं धरून चालू नकोस. उंच, ताठ शेपूट झपझप हलत असेल तर ती मैत्री नव्हे.

दोघांचीही रेबीजची लस दरवर्षी. गोट्या घराबाहेर जात नाही म्हणून त्याची टाळू नकोस. चिंगीचा महापालिकेचा परवाना काढतानाही लसीचा दाखला लागेल. आणि रस्त्यावरचं कुठलंही कुत्रं-मांजर चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ वाचतच नाही.

घरातल्या औषधांचा डबा वर ठेव. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. चिंगीच्या मानेवर टाकायचं गोचिडांचं औषध घेताना त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक आहे का ते वाच, कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येतात. पावसाळा आहे, रोज फिरून आल्यावर तिचे कान आतून, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा बघत जा. गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ ओढ, बोटाने चिरडू नकोस. चिंगी मलूल झाली, खाईना, हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडताप धरून लगेच रक्त तपासायचं. नुसतं अंग गरम लागलं म्हणून घाबरू नकोस, कुत्र्याचं तापमान एरवीही १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

खाण्याचं थोडक्यात. आई सांगेल दूध-पोळी घाल. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. चिंगीचं खाणं गोट्याला कायमचं घालू नकोस. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य आहारातूनच लागतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय जातं. कांदा-लसणाचा रस्सा दोघांनाही नको, चॉकलेट नको, आणि शिऱ्याचा प्रसाद देताना चिंगीला बेदाणा जाऊ देऊ नकोस, त्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोट्या एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तर मला फोन कर. मांजराला उपवास सोसत नाही, यकृतात चरबी साठायला लागते.

दिवाळीला दोघांना घेऊन ये. मागची खोली त्यांच्यासाठी ठेवतो, तिथे फटाक्यांचा आवाज कमी येतो. गोट्याची प्रवासाची पेटी मात्र आत्तापासूनच घरात उघडी ठेव, तुझा एखादा जुना टीशर्ट आत घाल आणि अधूनमधून खाऊ आतच दे. ऐन निघायच्या दिवशी कोंबलंस तर पुण्यापासून घाट उतरेपर्यंत ओरडत येईल.

तुझा,
बाबा