कांदळ लावण्याआधी पाणी मोकळं करा

संपादक महोदय,

२६ जुलैच्या कांदळवन (खारफुटी) दिनानिमित्त जिल्ह्यात ठिकठिकाणी रोपं लावल्याच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. मी मालवण तालुक्यात खाडीकाठी राहते. सासूबाईंच्या मागोमाग तिसरे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला चिखलात उतरू लागले, ती अजून उतरते.

आमच्या खाडीत मागे एका संस्थेने कांदळाच्या शेंगा रोवल्या, त्या नेमक्या तिसऱ्यांच्या जागेवर. ओहोटीला उघडा पडणारा मऊ चिखल बाहेरच्या माणसाला रिकामाच दिसतो. पण तिथे कांदळ आपणहून कधीच आला नव्हता, कारण त्या खोलगट भागावर भरतीचं पाणी फार वेळ राहतं. पावसाळा सरल्यावर शेंगांच्या अंगावर कवचाचे बारीक जीव धरले, ओझ्याने त्या वाकल्या, काही उधाणात उपटून गेल्या, बाकीच्या कुजल्या. तोवर तिसरे काढणाऱ्या बायकांना मात्र ‘रोपं तुडवू नका’ म्हणून तिथून उठवलं होतं. आमच्या घरची चूल त्या चिखलावर चालते, याची कुणी विचारपूसही केली नाही.

त्याच वेळी वरच्या अंगाला तिवरांचं, म्हणजे कांदळवनातल्याच दुसऱ्या जातीच्या झाडांचं, जुनं बन उभ्या उभ्या वाळत होतं. खाडीच्या फाट्यावर रस्त्याचा भराव पडला आणि खाली दोन अरुंद पाईप टाकले, तेही तळापेक्षा वर. भरती पुरती आत जाईना, पावसाचं पाणी बाहेर पडेना. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं हे तिवराचं नाक. ती साचल्या पाण्यात सतत बुडून राहिली की झाड गुदमरतं. उन्हाळ्यात तेच पाणी आटून जमिनीवर मिठाचा पांढरा थर धरायचा.

मग एका पुरात भरावाचा कोपरा फुटला आणि दुरुस्ती रखडली. त्या भगदाडातून भरती-ओहोटी पुन्हा खेळू लागली. कोणी एक रोप लावलं नाही. पावसाळ्यात तिवराची फळं तरंगत आत आली. पाण्यात त्यांची साल सुटते, आत दोन जाड हिरवी दलं घडी घालून बसलेली असतात. चिखलावर टेकली की खालून केसांसारखी मुळं धरतात. दोन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर रान झालं. त्यात शेवटे माशांची पिल्लं दिसतात, कुर्ल्यांची बिळं परत झाली आहेत.

आता तो कोपरा पुन्हा पाईप टाकून बुजवायचं घाटतंय, म्हणून हे पत्र.

रस्ता आम्हालाही हवा, आमची मुलं त्यावरून शाळेत जातात. भातशेती राखणारे खारबंधारे फोडा, असंही मी म्हणत नाही. पण तिथे रुंद मोरी बांधा आणि तिचा तळ खाडीच्या तळाशी जुळवा. २०१२ मध्ये राज्यात कांदळवन कक्ष झाला, १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात उच्च न्यायालयाने तर नष्ट झालेली कांदळवनं पुन्हा उभी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ती पार पाडायची तर आधी पाणी कुठे अडलंय ते शोधायला हवं. बी आजूबाजूच्या झाडांचं येतंच. जिथे जवळपास झाडच उरलं नाही, तिथे रोपं जरूर लावा, पण कांदळवनातली चिपी कुठे, तिवर कुठे, कांदळ कुठे, ही झाडं कुठे धरतात हे खाडीवर पोट असणाऱ्यांना विचारून. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत गावच्याच बायका होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात. एवढी माहिती आमच्यापाशी असते.

आणि रोपं किती लावली याचा आकडा छापताना, तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांतली किती जगली तेही विचारून छापावं, ही आपल्याला विनंती. भरावाचं काम दिवाळीनंतर सुरू होणार असं ऐकते. संबंधित अभियंत्यांनी त्याआधी एकदा पूर्ण ओहोटीच्या वेळी यावं, मी जागा दाखवीन.

– खाडीकाठची एक वाचक, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग